घरपट्टी वेगळी, म्हातारीचा पगार वेगळा

मार्च २०२३ मध्ये सरकारी कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी आठवडाभर संपावर होते. मागणी खरीच होती. पण रिठदकडच्या आमच्या म्हाताऱ्या जन्मभर रानात अन् दुसऱ्याच्या बांधावर राबल्या, त्यांचं काय? त्यांना निराधारचा पगार महिन्याला १५०० रुपये, तोही वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत असलं तर. त्यात काही गावांत दाखला मागायला गेलं की म्हणतात, ‘आधी घरपट्टी भरा.’ घरपट्टी आम्ही बुडवत नाही. पण थकबाकी वसुलीची रीत १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात, कलम १२९ मध्ये लिहून ठेवली आहे: बिल, मग मागणीची नोटीस, मग जप्ती. म्हातारीचा दाखला अडवा, असं त्यात कुठंच नाही. साथींनो, तोंडी नकार घेऊन घरी येऊ नका. सही-शिक्क्यासह लेखी मागा.