लिहून देणार, लिहून घेणार

मागच्या पावसाळ्यात एकाच आठवड्यात आमच्यापैकी तिघांना अनोळखी क्रमांकांवरून फोन आले. पलीकडच्या आवाजाने आधी आमच्या नावाची खात्री करून घेतली, मग आमच्या एम.ए.च्या वर्गातल्या एका विद्यार्थ्याचे नाव घेतले आणि हा मुलगा चोर आहे, त्याला पैसे भरायला सांगा, नाहीतर तुमचाही फोटो गावभर फिरेल, असे हिंदीत सुनावले. शिक्षककक्षात आमची पहिली प्रतिक्रिया काय झाली, ते कबूल करणे भाग आहे. ‘ही मुले असल्या ॲपच्या वाटेला जातातच कशाला?’ असे आम्ही एकमेकांना विचारले, चहा संपवला आणि तासाला गेलो. त्या तासाला तो मुलगा नव्हता. पुढचे दोन आठवडेही नव्हता.

तो बाळकुमला राहतो. कापूरबावडीहून भिवंडीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. आगरी-कोळ्यांची जुनी घरे आणि त्यांच्या डोक्यावर उभे राहिलेले मनोरे यांच्या मधल्या एका चाळीत त्याची खोली आहे. रात्रपाळीला तो कशेळीचा पूल ओलांडून भिवंडीतल्या एका गोदामात जातो आणि सकाळी वर्गात येतो. परीक्षेचे शुल्क आणि खोलीचे भाडे एकाच वेळी अंगावर आले, तेव्हा व्हॉट्सॲपवर आलेल्या एका दुव्यावरून त्याने ॲप उतरवून घेतले आणि आठ हजार रुपये मागितले. हातात पडले पाच हजारांहून थोडे अधिक. सातव्या दिवशी मागणी सुरू झाली ती पूर्ण आठ हजारांची. त्यानंतर त्याच्या मोबाइलमधल्या प्रत्येक नावाला फोन गेले: मावशीला, गोदामाच्या मुकादमाला, आम्हांला. शेवटी आमच्यापैकी बाळकुमलाच राहणाऱ्या एक जणी त्याच्या घरी गेल्या, तेव्हा तो एवढेच म्हणाला, “मॅडम, चूक माझीच आहे. सगळं अलाउ मीच केलं होतं.”

हे वाक्य खोटे आहे, असे आम्हांला म्हणायचे आहे. तो खोटे बोलत नव्हता. परंतु त्याच्या तोंडी हे वाक्य दुसऱ्या कोणीतरी घातलेले होते.

कर्ज घेणाऱ्याच्या मनोवृत्तीविषयी सध्या एक सिद्धान्त सुशिक्षितांत फार लोकप्रिय आहे. आपल्या लोकांना खाजगीपणाची जाणीवच नाही. चाळीत वाढलेली, उघड्या दारांची ही माणसे. चार पैसे लवकर मिळणार असतील तर बँकखाते, पगार, फोन, फोटो, जे मागाल ते देतील. या सिद्धान्ताची सभ्य आवृत्ती म्हणजे ‘लपवण्यासारखे आहेच काय?’ हा प्रश्न. तो सहसा कायम नोकरीतला, ज्याच्या पगारपत्रकात खरोखरच लपवण्यासारखे काही नाही, असा माणूस विचारतो.

बाळकुमच्या मुलाला आम्ही विचारले, की मावशीकडे का नाही मागितलेस? तो म्हणाला, “मावशीला कळलं असतं तर अख्ख्या पाड्याला कळलं असतं.” ज्याला खाजगीपणाची जाणीव नाही असे आपण म्हणतो, त्याने कर्जच मुळी खाजगीपणासाठी तिथे घेतले होते! ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण ज्या भाषेत आहे, तिच्या बोलणाऱ्यांना आर्थिक गुप्ततेची किंमत कळत नाही, हे म्हणणे भाषेचे अज्ञान दाखवते. आपल्याकडे गुप्ततेचे नाव ‘प्रायव्हसी’ नाही. ते ‘अब्रू’ आहे. कोणाला काय कळू द्यायचे आणि कोणापासून काय झाकायचे, याचा अतिशय बारीक हिशेब त्यात असतो. गरजू माणूस परक्या यंत्रापुढे मूठ उघडतो, कारण ती ओळखीच्यांपुढे झाकलेली राहावी. त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. त्याच्याशी दगा झाला.

आमचा स्वतःचा अनुभवही निराळा नाही. शिक्षकांच्या पतपेढीतून कर्ज काढायचे, तर दोन जामीनदार लागतात; म्हणजे दोन सहकाऱ्यांना घरातले दुखणे, रखडलेला पगार, सगळे सांगावे लागते, आणि दोघांना सांगितलेले शिक्षककक्षात कोणाला ठाऊक नसते? तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या आमच्या तरुण सहकाऱ्यांना तर जामीनदारही मिळत नाही. म्हणून खात्यावरचे व्यवहार पाहून कर्ज देण्याच्या नव्या पद्धतीला आम्ही सरसकट विरोध करणार नाही. रिझर्व्ह बँकेने २०१६ साली आखलेली आणि २०२१च्या सप्टेंबरात प्रत्यक्षात आलेली ‘अकाउंट ॲग्रिगेटर’ व्यवस्था कागदावर तरी सुज्ञ आहे. कोणती माहिती, कशासाठी, किती काळ, किती वेळा, हे संमतीतच नोंदवायचे. ती मागे घेता येते. आणि माहिती वाहून नेणाऱ्या मधल्या संस्थेला ती उघडून पाहता येत नाही. ज्याच्याकडे सातबारा नाही की सोने नाही, त्याच्यासाठी स्वतःच्या खात्याचा इतिहास हेच तारण ठरू शकते. माहिती देणे वाईट, असे आम्ही म्हणत नाही. प्रश्न आहे, तो दिली कशी जाते आणि नंतर कोणाची होते, हा.

इथे दीडशे वर्षे मागे जाणे आवश्यक वाटते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत हे लोण पसरले. इतिहासाच्या पुस्तकांतून ‘दख्खनचे दंगे’ म्हणून आपण ते शिकलो. त्यात लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की जमावाचा मुख्य रोख माणसांवर नव्हता. रोखे, वह्या, हुकूमनामे मिळवून जाळण्यावर होता. ज्या शेतकऱ्याची सही म्हणजे नांगराची निशाणी, त्याला त्या कागदात काय लिहिले आहे हे वाचता येत नव्हते. मात्र आपल्याविषयीची सगळी माहिती आपल्याला न दिसणाऱ्या वहीत आहे आणि ती वही दुसऱ्याच्या पेटीत आहे, हे त्याला पक्के कळले होते.

मराठी दस्तऐवजांत दोन पक्षांना आजही ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ म्हणतात. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी या शब्दांकडे जरा थांबून पाहावे. लिहून देणारा प्रत्यक्षात काहीच लिहीत नसतो. संहितेतला ‘मी’ ऋणकोचा, शब्द मात्र धनकोचे. कथनमीमांसेत अविश्वसनीय निवेदकावर आपण तासच्या तास घेतो. पण इथे निवेदकाला आपण निवेदक आहोत याचाच पत्ता नसतो! ‘मी स्वखुशीने परवानगी देतो’ हे वाक्य बाळकुमच्या मुलाने रचले नव्हते, वाचले नव्हते. एका इंग्रजी शब्दावर बोट टेकताच ते त्याचे झाले. नांगराची निशाणी गेली, अंगठा आला. अंगठा गेला, ओटीपी आला. वही अजून लिहून घेणाऱ्याच्याच पेटीत आहे.

आणि त्या बोटाने त्याने काय दिले? आपल्या खात्याचा तपशील दिला, तो त्याचा होता. पण मावशीचे नाव, मुकादमाचा क्रमांक, आमचे क्रमांक हे काही त्याच्या मालकीचे नव्हते. आमच्या वतीने संमती देण्याचा अधिकार त्याला नव्हता, घेण्याचा अधिकार ॲपला तर नव्हताच. ‘मीच अलाउ केलं’ हे वाक्य इथे मुळातच कोसळते: जे त्याचे नव्हते, ते तो देणार कसे?

कायद्याचे म्हणणे याहून निराळे नाही. २०२१च्या नोव्हेंबरात रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाचा अहवाल आला. त्यानुसार त्या वर्षीच्या पहिल्या दोन महिन्यांत कर्ज देणारी सुमारे १,१०० ॲप उपलब्ध होती आणि त्यांपैकी ६०० बेकायदा होती. २ सप्टेंबर २०२२च्या मार्गदर्शक तत्त्वांनी कर्जाच्या ॲपना फोनमधील संपर्कयादी, कॉलच्या नोंदी, फायली यांना हात लावण्यास मनाई केली. तपशिलागणिक संमती नाकारण्याची आणि नंतर मागे घेण्याची सोय ठेवायला सांगितले. २०२३चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा आणखी पुढे जातो. संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त आणि निःसंदिग्ध हवी, आणि ती आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती ग्राह्य धरावी, असे तो सांगतो. त्यातले उदाहरण वैद्यकीय सल्ला देणाऱ्या ॲपचे आहे: अशा ॲपने संपर्कयादी मागितली आणि रुग्णाने ‘हो’ म्हटले, तरी त्या सेवेला संपर्कयादी लागत नसल्याने ते ‘हो’ तिच्यापुरते गैरलागू. कर्ज घेणाऱ्याला हाच न्याय लावा, म्हणजे आमचा विद्यार्थी निर्दोष ठरतो.

याच कायद्यात, मराठीच्या प्राध्यापकांनी भिंतीवर लावावी अशी एक तरतूद आहे. संमतीची विनंती सोप्या भाषेत असावी आणि ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय मिळावा. आठव्या अनुसूचीत मराठी आहे! नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि संमतीविषयीच्या जबाबदाऱ्यांसाठी त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत आहे. म्हणजे ही मराठी कोणीतरी लिहिणार आहे. कोण? आपण गप्प राहिलो, तर परिपत्रकांतली ती ओळखीची, इंग्रजीहून दुर्बोध मराठी येईल आणि मुले पुन्हा न वाचता बोट टेकतील.

उपयोजित मराठीच्या अभ्यासपत्रिकेत आपण जाहिरात शिकवतो, बातमी शिकवतो, इतिवृत्त शिकवतो. संमतिपत्र शिकवत नाही. तो मुलगा वर्गात परतल्यावर, त्याच्या परवानगीने, आम्ही त्या ॲपचे पान फळ्यावर घेतले आणि मुलांना त्याचे मराठी करायला सांगितले. ‘ॲक्सेस टु कॉन्टॅक्ट्स’ला एकीने ‘संपर्कांपर्यंत पोहोच’ असे केले, शब्दशः बरोबर. मग त्याने स्वतः उठून लिहिले: ‘माझ्या फोनमधल्या सगळ्यांची नावे आणि नंबर तुम्ही घ्या आणि हवे ते करा.’ वर्ग गप्प झाला. ‘असं लिहिलं असतं तर मी दाबलं नसतं,’ तो म्हणाला. भाषांतराचा याहून चांगला तास आम्ही आजवर घेतलेला नाही.

दंगलींनंतर १८७९ साली झालेल्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने निव्वळ सहानुभूती दाखवली नाही. शेतकऱ्याचा दस्त ग्राम-निबंधकाच्या देखरेखीखाली लिहिला जावा, सावकाराने पावती द्यावी, वर्षाचा हिशेब द्यावा, पासबुक ठेवावे, आणि न्यायालयाने रोख्यावरच्या सहीपाशी न थांबता व्यवहाराचा मागचा इतिहास तपासावा, अशी व्यवस्था केली. सही झाली म्हणजे संमती झाली, हे त्या परक्या सरकारनेही मानले नाही. आज आपले शिक्षककक्ष ते मानतात, ही लाजेची गोष्ट आहे.

त्या मुलाने १९३० या सायबर मदतक्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. फोन कमी झाले, थांबलेले नाहीत. परीक्षेला तो बसला. पुन्हा फोन आला तर काय बोलायचे, ते आम्ही ठरवले आहे. पूर्वी आम्ही ‘तुमचा नंबर कुठून मिळाला’ एवढेही विचारले नव्हते. आता पहिला प्रश्न आमचा असेल: माझे नाव तुम्हांला लिहून कोणी दिले?