आधी प्रश्न, मग पाना

आमच्या बाबांची प्रीमियर पद्मिनी नऊ वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली, १०८९ सीसीची, १९८५ सालची. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीही २०२३च्या ऑक्टोबरात निवृत्त झाल्या, तेव्हा ठरवलं की आपली तरी रस्त्यावर आणायची. रंग झाला, ब्रेक झाले, वायरिंग झालं. पण गाडी गरम व्हायची.

आणि मग सल्ले सुरू झाले! जो भेटेल तो डॉक्टर. एकाने वॉटर पंप बदलायला लावला. दुसरा म्हणाला, जादा इलेक्ट्रिक पंखा लाव. तिसऱ्याने आपला तो ठेवणीतला उपाय सांगितला, "थर्मोस्टॅट काढून टाका साहेब." बघतो तर तो आधीच कुणीतरी काढलेला! पैसे जात राहिले, काटा काही खाली येईना.

शेवटी एका म्हाताऱ्या रेडिएटरवाल्याकडे गेलो. त्याने बॉनेटला हातही लावला नाही. विचारलं, "गरम कधी होते? उभी असताना, की चढावर?"

इतक्या दिवसांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

द्वारकाच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास अडकली तरी काही होत नव्हतं. चढ लागला की काटा वर. म्हणजे पंखा आणि त्याचा पट्टा ठीक होता. ते बिघडले तर गाडी उभ्या-उभ्या तापते, वेगात वारा लागला की निवते. चढावर इंजिनाला जोर लागतो, उष्णता जास्त तयार होते, आणि पाणी पुरेसं फिरत नसेल तर तिथेच पितळ उघडं पडतं. पाणी कुठे गळत नसताना कमी होत असेल आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यायचा. टोपणाचं रबर गेलं असेल तर पाणी लवकर उकळतं, कारण टोपण कुकरच्या शिट्टीसारखा दाब धरून ठेवतं. (म्हणूनच गरम गाडीचं टोपण कधी उघडू नये.)

रेडिएटर खोलला. अर्ध्याअधिक नळ्या पांढऱ्या क्षारांनी बुजलेल्या. इंजिनाच्या ब्लॉकमधूनही गाळ निघाला.

आता कबुली. ते क्षार बोअरच्या पाण्याचे होते आणि ते पाणी दर रविवारी मीच भरायचो, पंधरा वर्षांचा असताना. मोठ्या अभिमानाने! इतके महिने "बाबांनी गाडीची हेळसांड केली" असं घरात सगळ्यांना सांगत होतो. आत्यालाही फोनवर सांगितलं होतं. आत्या, ते शब्द मागे घेतो.

माझं मत इतकंच आहे. आपल्याकडे बिघाड शोधण्याआधी भाग बदलतात. थर्मोस्टॅट काढणं हा तर निव्वळ ताप आल्यावर थर्मामीटर फोडण्याचा प्रकार. तो नसला की इंजिन उशिरा तापतं, पेट्रोल जास्त पितं, झिजतंही जास्त, आणि बुजलेल्या नळ्या बुजलेल्याच राहतात. कूलंटही श्रीमंतांचे चोचले नाहीत. डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळून घातलं तर गंज आणि क्षार दोन्ही टळतात. जुन्या गाडीला खर्चापेक्षा प्रश्न विचारणारा माणूस जास्त लागतो.

नळ्या साफ झाल्या, नवा थर्मोस्टॅट बसला आणि गेल्या महिन्यात बाबांना घेऊन कसाऱ्यापर्यंत उतरलो. चहा घेतला आणि परत घाट चढलो. माझे डोळे रस्त्यापेक्षा काट्यावरच जास्त. काटा मधोमध, हलला नाही.

तरी इगतपुरीला घाटनदेवीपाशी बाबा म्हणाले, "थांबव."

लहानपणी मुंबईहून येताना आम्ही दर वेळी इथे थांबायचो. बाबा बराच वेळ हात जोडून उभे असायचे, बॉनेट उघडं असायचं. मला वाटायचं, काय ही भक्ती!

"बाबा, तेव्हा गाडी गरम व्हायची म्हणून थांबायचात ना?"

"हो तर. पण तुला कसं सांगणार? पाणी तू भरायचास."

म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. असो. त्या दिवशी बॉनेट न उघडता दोघांनी मिळून नमस्कार केला.