सर्वांचे वाहन

वाहन मनुष्याच्या सोयीसाठी निर्माण झाले. परंतु सोयीची सवय होते आणि सवयीची गरज केव्हा बनते, हे त्याच्या ध्यानात येत नाही. इंधनाचे भाव वाढले, म्हणजे मात्र तो विचार करू लागतो.

भारताला लागणाऱ्या खनिज तेलापैकी चार-पंचमांशाहून अधिक तेल परदेशांतून येते. त्यामुळे दूर देशी युद्ध पेटले, तरी त्याची झळ येथील घराघराला लागते. १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये पश्चिम आशियात युद्ध झाले. अरब राष्ट्रांनी तेलाच्या पुरवठ्यावर निर्बंध घातले आणि काही महिन्यांतच तेलाची किंमत जवळजवळ चौपट झाली. २०२१ च्या मे महिन्यात मुंबईत पेट्रोलच्या भावाने लिटरमागे १०० रुपयांचा आकडा ओलांडला.

अशा वेळी ज्यांच्या दारी स्वतःचे वाहन असते, तेही बसथांब्याकडे वळतात. हे शहाणपणाचेच आहे. समजा, एका लिटर इंधनात मोटार १५ किलोमीटर जाते आणि बस केवळ ४ किलोमीटर. वरवर पाहता बस उधळी वाटेल. परंतु बसमध्ये ४० उतारू असतील, तर त्याच एका लिटरमध्ये सर्वांचा मिळून १६० किलोमीटरांचा प्रवास घडतो. मोटारीत एकटाच मनुष्य असेल, तर प्रवास घडतो तो १५ किलोमीटरांचाच!

मात्र भाव उतरताच बसकडे पाठ फिरवणे म्हणजे ‘गरज सरो, वैद्य मरो’ असे वागणे होय. १ जून १९४८ रोजी अहमदनगरहून पुण्याला पहिली एस. टी. धावली. पुढे ती डोंगरकपारीतील खेड्यांपर्यंत पोहोचली. शेतकरी तिने बाजाराला जातो, रुग्ण दवाखान्यात जातो आणि लहान गावातील मुलगी तिच्याच आधारावर तालुक्याच्या शाळेत शिकते. २०२१ च्या अखेरीस कर्मचाऱ्यांच्या संपामुळे एस. टी. कित्येक महिने विस्कळीत झाली. तेव्हा वाहनवाल्यांचे फारसे अडले नाही. ज्यांना दुसरा आधार नव्हता, त्यांचे मात्र अतोनात हाल झाले. एकाला जी केवळ सोय वाटते, तीच दुसऱ्याची एकमेव वाट असते. उतारू कमी झाले, की उत्पन्न घटते. उत्पन्न घटले, की फेऱ्या कमी होतात. आणि फेरी बंद पडली, की त्या मुलीची शाळा दूर जाते.

कोणी म्हणेल, ‘बस वेळेवर येत नाही, गर्दी फार असते, आसने फाटलेली असतात.’ हे पुष्कळ अंशी खरे आहे. परंतु ज्यांच्या शब्दाला समाजात वजन आहे, तेच बसने जाईनासे झाले, तर हे दोष दूर कोण करवील? सर्व थरांतील लोक ज्या गाडीने जातात, तिच्या दुरवस्थेकडे कारभाऱ्यांना फार काळ दुर्लक्ष करता येत नाही. शिवाय काही दोष उतारूंच्याच हाती आहेत. रांग न मोडणे, तिकीट काढणे, आसनाची नासधूस न करणे, वृद्धांना जागा देणे, यांसाठी कोणत्याही सरकारी हुकमाची वाट पाहावी लागत नाही.

महाग इंधन मनुष्याला बसपर्यंत आणते. त्याला तेथे टिकवून ठेवण्याचे काम मात्र नागरिकत्वाच्या जाणिवेनेच होऊ शकते. सार्वजनिक वाहन हे संकटकाळचा आसरा नव्हे. ते सर्वांच्या मालकीचे धन आहे आणि धनाचे रक्षण धन्यानेच करावयाचे असते.