विश्लेषण : स्टीफन हॉकिंग यांनी यंत्राचा जुना आवाज का बदलला नाही?

ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांची वाचा १९८५ मध्ये गेली. न्यूमोनियामुळे श्वासनलिकेवर शस्त्रक्रिया करावी लागली होती. पुढे त्यांच्यासाठी यंत्र बोलू लागले, तेही अमेरिकी धाटणीच्या इंग्रजीत! हा आवाज एमआयटीतील संशोधक डेनिस क्लॅट यांनी स्वतःच्या आवाजावरून घडवला होता.

नंतर अधिक नैसर्गिक आवाज आले. हॉकिंग यांनी ते नाकारले. जग ज्या आवाजावरून आपल्याला ओळखते, तोच आपला, अशी त्यांची भूमिका होती. जुने हार्डवेअर बंद पडण्याची भीती निर्माण झाली, तेव्हा अभियंत्यांनी त्याची हुबेहूब नक्कल करणारे सॉफ्टवेअर बनवले. २०१८ मध्ये, निधनाच्या काही आठवडे आधी, ते त्यांना मिळाले. नवे तंत्र वापरून जुनाच खरखरीत आवाज!

हा हट्ट रास्तच होता. आता मोटर न्यूरॉनसारख्या आजारात रुग्णाचा आवाज रेकॉर्ड करून त्यावरून कृत्रिम आवाज तयार करता येतो. याला ‘व्हॉइस बँकिंग’ म्हणतात. डॉक्टरांनी निदान होताच रुग्णाला ही माहिती द्यायला हवी. उशीर झाला, तर रेकॉर्डिंगमध्ये अडखळणारा आवाजच उतरतो.