अपडेट अडलं, तर मुलांना दोष नको

शिक्षक मित्रांनो, पालकहो, आयटीआयच्या आरेखक ट्रेडमधल्या मुलाचं कॅडचं अपडेट अडलं की ‘यानेच काहीतरी बिघडवलं’ असं आपण पटकन म्हणतो. मला हे पटत नाही. भामरागड, एटापल्लीकडे नेट मध्येच जातं, फाईल अर्धवट उतरते. शिवाय ऑटोकॅड 2020 पासून 32 बिट विंडोजवर चालतच नाही. म्हणून मुलाला पडद्यावरची सूचना शेवटपर्यंत वाचायला लावा. मग क्रमाने तपासा: डिस्कमध्ये जागा आहे का, विंडोज 32 बिट की 64, फाईल पूर्ण उतरली का. पूर्ण इन्स्टॉलर गडचिरोलीहून पेनड्राईव्हवर आणलेला बरा. ड्रॉइंगची कॉपी वेगळी ठेवा. आणि परीक्षेच्या तोंडावर अपडेट नकोच! सरावच बुडाला, तर नवं व्हर्जन काय कामाचं?