स्वास्थ्यातला 'स्व'

'समग्र आरोग्य' हा शब्दप्रयोग मराठीत आता चांगलाच रुळला आहे. वृत्तपत्रांच्या पुरवण्या, दिवाळी अंकांतले लेख, व्याख्यानमाला, पुस्तक प्रदर्शनांतला सर्वांत गर्दीचा कोपरा, सगळीकडे तो भेटतो. त्याखाली जे सांगितले जाते तेही आपल्याला पाठ झाले आहे. लवकर उठावे, सूर्यनमस्कार घालावेत, मोजके आणि ताजे खावे, प्राणायाम करावा, रात्री वेळेवर निजावे, मन शांत ठेवावे. यातले काहीही चुकीचे नाही. माझा आक्षेप आहे तो 'समग्र' या विशेषणाला. या लेखनातले समग्र म्हणजे शरीर आणि मन, फार तर त्याला जोडून आत्मा. हे सारे एकाच माणसाच्या कातडीच्या आत सामावते. त्या कातडीबाहेरचे घर, जिना, नळाचे पाणी, कामाची पाळी, शेजार आणि स्वयंपाक करणारे हात यांना त्या समग्रतेत जागा नसते. एवढे सगळे वगळून उरते त्याला समग्र म्हणायचे का, हा प्रश्न वैद्यकाचा आहे तितकाच भाषेचाही आहे. म्हणून साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी तो विचारायला हवा.

आधी शब्दच पाहू. मराठीत आपण एकमेकांची 'प्रकृती' विचारतो, 'तब्येत' विचारतो. दोन्ही शब्दांचा मूळ अर्थ स्वभाव. 'आरोग्य' हा शब्द रोगाच्या अभावावर उभा आहे. 'स्वास्थ्य' मात्र स्वतःच्या ठायी स्थिर असणे सांगते. सुश्रुतसंहितेतली स्वस्थ माणसाची व्याख्या प्रसिद्ध आहे. दोष, अग्नी, धातू आणि मलक्रिया समतोल असाव्यात आणि आत्मा, इंद्रिये व मन प्रसन्न असावे, असा तिचा आशय आहे. समग्र आरोग्याचे पुरस्कर्ते ही व्याख्या आवर्जून सांगतात. पण त्याच परंपरेतल्या चरकसंहितेच्या विमानस्थानात जनपदोद्ध्वंसावर एक संपूर्ण अध्याय आहे, त्याची आठवण सहसा कोणी काढत नाही. माणसांच्या प्रकृती, आहार, वय, बळ सारे वेगवेगळे असताना सगळे एकाच वेळी एकाच रोगाने का मरतात, असा त्या अध्यायातला प्रश्न आहे. वायू, पाणी, देश आणि काल या चौघांवर सगळ्यांचा समाईक हक्क असतो आणि ते बिघडले की व्यक्तिगत प्रकृतीचे भेद निरुपयोगी ठरतात, असे त्याचे उत्तर. त्या बिघाडाच्या मुळाशी राज्यकर्त्यांचा अधर्म असतो, असेही तिथे सांगितले आहे. म्हणजे ज्या परंपरेचा हवाला देऊन आरोग्य व्यक्तीच्या दिनचर्येत बंदिस्त केले जाते, तिनेच ते तसे बंदिस्त ठेवलेले नाही.

हा विचार दक्षिण आणि मध्य मुंबईच्या भूगोलात जितका ठळक वाचता येतो तितका क्वचितच कुठे येत असेल. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगचे निदान झाले आणि हे शहर हादरले. हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. तीच आजची हाफकिन संस्था. परंतु लसीइतकेच महत्त्वाचे दुसरे एक पाऊल उचलले गेले. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्तीत हवा खेळावी म्हणून त्याने रस्ते कापले. समुद्राचा वारा आत यावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट काढला. दादर-माटुंग्याची आखणी केली आणि कामगारांसाठी चाळी बांधल्या. या ट्रस्टने घरे पाडली जास्त आणि बांधली कमी, ही टीका रास्तच आहे. तरीही घर, हवा आणि उजेड हे औषधाइतकेच आवश्यक आहेत, ही कल्पना त्यामुळे दगड-विटांत उतरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परळच्या ज्या चाळीत अनेक वर्षे राहिले ती याच ट्रस्टची, आणि पुढे त्यांनी 'राजगृह' बांधले ती दादरची हिंदू कॉलनीही त्याच ट्रस्टच्या आखणीतली. एकाच माणसाच्या आयुष्यातली ही दोन घरे शेजारी ठेवून पाहिली, तर स्वास्थ्यात चौरस फुटांचा वाटा किती असतो हे वेगळे सांगावे लागत नाही.

याच शहरात र. धों. कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये एक मासिक सुरू केले आणि त्याला नाव दिले 'समाजस्वास्थ्य'. गिरगाव चौपाटीसमोरच्या विल्सन कॉलेजात ते गणिताचे प्राध्यापक होते आणि संततिनियमनाच्या प्रचारापायी त्यांना ती नोकरी सोडावी लागली होती. १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी हे मासिक चालवले. अश्लीलतेचे खटले झाले, त्यांपैकी १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू आंबेडकरांनी मांडली. हा इतिहास आपण अविष्कारस्वातंत्र्याच्या संदर्भात शिकवतो, आणि ते योग्यच आहे. पण मासिकाच्या नावाकडे आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही. कर्वे लिहीत होते ते माणसाच्या सर्वांत खाजगी गोष्टींविषयी. शरीर, संभोग, गर्भधारणा. शीर्षकात मात्र त्यांनी 'समाज' हा शब्द घातला. वारंवारच्या बाळंतपणांनी खंगलेल्या स्त्रीला सकस आहाराचा आणि मनःशांतीचा उपदेश करणे हा कर्व्यांच्या लेखी क्रूर विनोद ठरला असता. तिला हवे होते ते साधन, माहिती आणि नकार देण्याचा अधिकार. हे तिन्ही तिला एकटीने कमावता येण्यासारखे नव्हते. मराठीत समग्र आरोग्याचा पाया कोणी घातला असे मला विचारले, तर मी योगावरच्या कोणत्याही पुस्तकाआधी या मासिकाचे नाव घेईन.

आता लालबाग-परळकडे वळू. कोकणातून आणि घाटावरून आलेला गिरणी कामगार गाववाल्यांच्या खोलीत दाटीवाटीने राही. एक पाळीवरून आला की दुसरा कामावर जाई आणि झोपायची जागा तीच असे. दिवसभर कापसाचे तंतू छातीत जात. अशा माणसाच्या आहाराची काळजी खानावळवाल्या बाईवर असे. तिचे स्वतःचे आरोग्य मात्र कोणाच्याच हिशेबात नव्हते. चुलीच्या धुरात पहाटेपासून रात्रीपर्यंत राबायचे आणि किराणा उधारीवर आणायचा, हे तिचे आयुष्य. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून या बायकांना संघटित केले आणि बँकेच्या कर्जापर्यंत नेले. सावकाराच्या व्याजातून सुटका हा आरोग्याचा उपाय आहे, असे कोणत्याही आहारशास्त्राच्या पुस्तकात लिहिलेले नसते. तरी रात्री शांत झोप लागण्याशी त्याचा संबंध उघड आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, तो गिरण्यांसह या साऱ्या व्यवस्थेलाही घेऊन बुडाला. त्याच गिरण्यांच्या जमिनीवर आज मॉल आणि टॉवर उभे आहेत आणि त्यांत स्वास्थ्य हे मासिक वर्गणी भरून घेण्याची वस्तू झाले आहे.

याचा अर्थ जुन्या चाळीत सारे निरोगी होते असा मुळीच नाही. चाळीविषयीचा हळवेपणा हा मराठी लेखनाचा जुना आजार आहे. सामाईक संडास, दमट भिंती आणि क्षय यांच्यावर शेजारधर्माचा उतारा नव्हता. शिवाय शेजार नेहमी सुखाचा असतोच असे नाही. पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याची चाळ' मधल्या 'उपास' मध्ये एका माणसाचे वजन हा साऱ्या चाळीचा विषय होतो. प्रत्येक बिऱ्हाडाकडे वेगळा आणि परस्परविरोधी सल्ला असतो. आपण तो लेख हसण्यासाठी वाचतो. पण स्वतःच्या देहावरही एकट्याची सत्ता नसण्याचे दडपण त्या विनोदाच्या तळाशी आहेच. चाळीतल्या सुनेला ते दडपण विनोदाविना सोसावे लागे. आपल्या शरीराशी निवांत असण्याची, दार लावून घेण्याची गरज खरी आहे. त्या गरजेला आत्मकेंद्री म्हणून हिणवणाऱ्यांशी मी सहमत नाही.

व्यक्तिगत शिस्तीचे मोलही मी नाकारत नाही. डॉ. अभय बंग यांचे 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' असंख्य मराठी घरांत पोचले ते उगीच नाही. स्वतःच्या हृदयविकाराकडे रोगी आणि वैद्य अशा दोन्ही नजरांनी पाहत आहार, व्यायाम, ध्यान आणि जगण्याची गती बदलणाऱ्या माणसाचे ते प्रांजळ कथन आहे. पण तो लेखक आयुष्यभर गडचिरोलीत समूहाच्या आरोग्याचे काम करणारा आहे, हे विसरून चालणार नाही. त्या पुस्तकानंतर आलेल्या लेखनाच्या लाटेने त्यातला 'माझा' उचलला आणि बाकीचे सोडून दिले.

असे सोडून दिल्याचा परिणाम काय होतो? आजारी पडलेला माणूस अपराधी ठरतो. नीट खाल्ले नाही, ताण घेतला, विचार नकारात्मक होते, अशी कारणे त्याच्याच पदरात टाकली जातात. पूर्वी हे काम कर्मविपाक करत असे, आता दिनचर्या करते. परळला केईएम आणि टाटा रुग्णालयाच्या आसपासच्या पदपथांवर लांबून आलेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक पथारी टाकून असतात. त्यांच्यासमोर हे तत्त्वज्ञान मोठ्याने वाचून दाखवण्याचे धैर्य कोणाला होईल असे वाटत नाही. समग्रतेचा खरा अर्थ तिथे दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेला किंवा परळच्या नाना पालकर स्मृती समितीला कळला आहे. औषध रुग्णालय देईल, पण ते अंगी लागायला निजायला जागा, गरम जेवण आणि धीराचा शब्द लागतो, हे ओळखून त्या उभ्या आहेत.

तेव्हा आरोग्यविषयक मराठी लेखन आपण वर्गात आणावे, असे मला सुचवायचे आहे. कथा-कवितेला आपण जे प्रश्न विचारतो ते त्यालाही विचारावेत. या दिनचर्येतला 'मी' कोण आहे? त्याचा ताजा, मोजका आहार कोण रांधते आणि ती स्वतः केव्हा जेवते? पहाटेच्या ध्यानासाठी त्याच्याकडे रिकामी खोली आहे का? दोन तास लोकलमध्ये उभी राहून परळच्या कचेरीत पोचणारी बाई या मजकुरात कुठे आहे? ज्या लेखनाला ही उत्तरे देता येतील त्याने 'समग्र' हा शब्द खुशाल वापरावा. बाकीच्यांनी त्याला व्यायाम आणि पथ्य म्हणावे. ती जुनी आणि प्रामाणिक नावे आहेत. पहाटे शिवाजी पार्कला चालायला जाणाऱ्यांनी जरूर जावे. मात्र ते मैदान मोकळे राहिले आहे ते एकट्या कोणाच्या शिस्तीमुळे नव्हे, आणि ते मोकळे राहावे म्हणून भांडणे हाही आपल्या व्यायामाचाच भाग आहे.