पडद्यावर आपले घर दिसते का?

पूर्वी जयंतीच्या आठवड्यात वस्तीत वर्गणी काढून व्हीसीआर भाड्याने आणायचा, एका रात्रीत तीन सिनेमे पाहायचे आणि सकाळी तांबारलेल्या डोळ्यांनी कामावर जायचे, अशी रीत होती. आता तेच तीन सिनेमे ज्याच्या त्याच्या खिशात आले आहेत. मुलगा एका कोपऱ्यात मोबाईलवर एक पाहतो, सून पोळ्या लाटता लाटता दुसरे ऐकते, आजोबा टीव्हीपुढे बसून तिसरे पाहतात. घरात काय येते आणि काय रुजते, हे घरच्या कर्त्या माणसाला कळतही नाही. म्हणून या वेळी सिनेमा आणि मालिका यांविषयी चार शब्द.

आम्ही काही समीक्षक नाही. कॅमेरा कुठून लावला, प्रकाश कसा टाकला, यातले आम्हांला फारसे कळत नाही. आम्ही तिकीट काढून किंवा घरात चटईवर बसून पाहणारे साधे प्रेक्षक. पण आमची एक कसोटी आहे. आपल्यासारखा, गावकुसाबाहेरचा माणूस पडद्यावर आला की आम्ही तीन गोष्टी पाहतो. त्याला घर आहे का? आपला निर्णय तो स्वतः घेतो का? आणि त्याच्या घरातली बाई बोलते का? या तीन प्रश्नांवर भलेभले नावाजलेले सिनेमे नापास होतात, हे आम्ही आधीच सांगून ठेवतो.

दयेची चित्रे

1936 साली बॉम्बे टॉकीजने 'अछूत कन्या' काढला. देविका राणी आणि अशोककुमार ही जोडी. रेल्वे फाटकावरच्या रखवालदाराची मुलगी कस्तुरी आणि ब्राह्मण दुकानदाराचा मुलगा प्रताप यांचे प्रेम. त्या काळात असा विषय घेणे हीच मोठी गोष्ट होती, हे मान्य. पण शेवटी फाटकावरची मारामारी थांबवायला कस्तुरी धावते आणि गाडीखाली जाते. प्रश्न जिथला तिथेच राहतो आणि कस्तुरी तेवढी जाते. प्रेक्षक डोळे पुसून घरी जायला मोकळा!

1959 सालचा बिमल रॉय यांचा 'सुजाता' आमच्या घरी अनेकदा पाहिला गेला आहे. नूतनचा अभिनय असा की, ती गप्प उभी राहिली तरी पाहणाऱ्याच्या पोटात कालवते. पण कथा काय म्हणते? उच्चवर्णीय घरात वाढलेली ही मुलगी त्या घराला 'मुलीसारखी' आहे, 'मुलगी' नाही. मग घरची बाई जिन्यावरून पडते, रक्ताची गरज लागते, ते सुजाताचेच जुळते आणि तेव्हा कुठे तिला मुलीचे स्थान मिळते. आम्ही विचारतो, रक्त जुळले नसते तर? माणूस म्हणून स्वीकारले जाण्यासाठी बाटलीभर रक्त आधी मोजून द्यावे लागत असेल, तर ते प्रेम नव्हे, तो सौदा झाला. सिनेमा सुंदर आहे, नक्की पाहावा. पण पाहून झाल्यावर हा प्रश्न मुलींना जरूर विचारावा.

सत्यजित राय यांनी 1981 साली प्रेमचंदांच्या कथेवरून दूरदर्शनसाठी 'सद्गती' केला. ओम पुरी, स्मिता पाटील आणि मोहन आगाशे. तासाभराचाही नाही. मुलीच्या सोयरिकीचा मुहूर्त काढून मागायला गेलेला दुखी उपाशीपोटी पंडिताचे लाकूड फोडता फोडता मरतो. हेही दुःखाचेच चित्र. मग फरक कुठे? वस्तीतले लोक ते प्रेत उचलायला जात नाहीत. ना घोषणा, ना मोर्चा, फक्त नकार. पंडिताला शेवटी दोरी लावून ते ओढावे लागते. आणि भर पावसात स्मिता पाटील जो टाहो फोडते, तो ऐकल्यावर कीव येण्याऐवजी मान खाली जाते. आमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तिथे मिळते. बाई बोलली.

भिरकावलेला दगड

नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' 2014 च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रात लागला. गावात डुकरे धरणाऱ्या कैकाडी कुटुंबातला जब्या. बापाला मुलीच्या लग्नासाठी पैसे हवेत म्हणून तो गावाचे डुक्कर धरायचे काम घेतो. जब्याला शाळेत जायचे आहे, शालूने आपल्याकडे पाहावे असे वाटते आहे, आणि नेमके शाळेशेजारीच, सगळ्या वर्गाच्या डोळ्यांदेखत, त्याला डुकरामागे धावावे लागते. मध्येच शाळेत राष्ट्रगीत सुरू होते आणि ही सगळी माणसे जागच्या जागी उभी राहतात. डुक्कर समोरून निघून जाते. पुढे मेलेले डुक्कर खांद्यावर टांगून नेताना मागे शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई, गाडगेबाबा यांची चित्रे दिसतात. कोणी काही बोलत नाही. बोलायची गरजही नाही.

शेवटी जब्या दगड भिरकावतो तो थेट आपल्या दिशेने. आमच्याबरोबर आलेला बारा वर्षांचा भाचा बाहेर पडल्यावर म्हणाला, "मामा, त्यानं आपल्याला का मारला? आपण तर त्याच्याच बाजूचे." प्रश्न साधा, पण उत्तर सोपे नाही. आम्ही त्याला एवढेच म्हणालो की, जो जो जब्याला हसला, त्या प्रत्येकाला तो दगड आहे. वाचकहो, आपल्या वस्तीपलीकडे पाल ठोकून राहणाऱ्या कुटुंबाला आपल्या घरची मुले कोणत्या नावाने हाक मारतात, हे एकदा कान देऊन ऐका. आपल्याला हिणवले जाते तेव्हा आपण पेटून उठतो. आपल्या खालची पायरी शोधून तिथे कोणाला तरी बसवायची सवय मात्र आपल्या अंगणातही वाढू शकते. 'फँड्री' आम्हांला मोठा वाटतो तो यासाठी.

त्याच दिग्दर्शकाचा 'सैराट' 2016 च्या एप्रिलमध्ये आला आणि मराठी सिनेमाने तोवर न पाहिलेली गर्दी त्याने खेचली. पूर्वार्धात थिएटरात लोक खुर्च्या सोडून नाचले. शेवटच्या काही मिनिटांत तेच लोक पुतळ्यासारखे बसून राहिले. आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, निर्णय स्वतः घेते, आणि पळून गेल्यावर हैदराबादेत कारखान्यात राबते. या सिनेमाचा खरा गाभा आम्हांला प्रेमात नव्हे, तर त्या दोघांनी परमुलखात काडी काडी जमवून उभ्या केलेल्या संसारात दिसतो. भांडी, गॅस, अंगणातली रांगोळी. शेवटी माणसांबरोबर तेच घर मारले जाते. इथेही मरण आहे, 'अछूत कन्या'तही मरण होते. पण तिथे अपघात होता. इथे मारणारे हात कोणाचे आणि ते का उठले, हे सिनेमा स्पष्ट सांगतो.

याच कथेवरून 2018 साली हिंदीत 'धडक' निघाला. उदयपूरचे महाल आणि तलाव दिसले, कपडे झगमगले, पण जात इतकी पुसट झाली की मुलीच्या बापाला नेमका राग कशाचा, ते कळेना. मीठ काढून घेतलेली भाजी कितीही रंगीत वाढली तरी घास उतरत नाही.

कोर्टातले शाहीर

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ला 2014 चा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हा सिनेमा संथ आहे, घाईच्या माणसाने पाहू नये. मुलांची शिकवणी घेणारे वयस्क लोकशाहीर नारायण कांबळे. त्यांचे गाणे ऐकून एका गटार कामगाराने आत्महत्या केली, असा अजब आरोप त्यांच्यावर येतो. मग तारीख पे तारीख. कामगाराची विधवा साक्षीला येते आणि सांगते की, नवरा गटारात उतरण्याआधी आत खडा टाकायचा. झुरळे बाहेर आली तर आत हवा आहे असे समजायचे. ना मास्क, ना साधने. ती रडत नाही, आवाज चढवत नाही. विचारले तेवढ्याचे उत्तर देते. तेवढ्यात सगळा खटला उघडा पडतो.

कांबळ्यांची भूमिका करणारे वीरा साथीदार हे नागपूरचे, स्वतः चळवळीतले कार्यकर्ते आणि 'विद्रोही' मासिकाचे संपादक. 2021 च्या एप्रिलात कोरोनाने त्यांना नेले. त्यांच्या आवाजातला खरेपणा अभिनयाच्या शाळेत शिकवता येत नाही. एक तक्रार मात्र आहे. दोन्ही वकिलांच्या घरात कॅमेरा निवांत बसतो, न्यायाधीशांच्या सहलीलाही जातो. शाहिरांच्या घरी तो फारसा रेंगाळत नाही. आम्हांला तिथेच थोडा वेळ बसायचे होते.

बाबासाहेब पडद्यावर

डॉ. जब्बार पटेल यांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' हा 2000 सालचा सिनेमा. मूळ इंग्रजी, पुढे इतर भाषांत आला. मल्याळी नट मामुटी यांनी बाबासाहेब उभे केले आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. रमाई झाल्या सोनाली कुलकर्णी. आम्हांला या सिनेमात सर्वांत आवडले ते वाचणारे बाबासाहेब. पुस्तकात बुडालेला, थकणारा, चिडणारा, एकटा पडणारा माणूस. पुतळ्याला हार घालता येतो, पण त्याच्यासारखे व्हावे असे मुलांना वाटत नाही. माणसाकडे पाहून वाटते.

स्टार प्रवाहवर 2019 आणि 2020 मध्ये चाललेली 'महामानवाची गौरवगाथा' ही मालिका घराघरात एकत्र बसून पाहिली गेली. सागर देशमुख यांनी भूमिका मनापासून केली. ज्यांनी चरित्राचे एक पान उलटले नव्हते, त्या आयाबायांनाही चवदार तळे आणि गोलमेज परिषद यांचा क्रम समजला, हे श्रेय मालिकेचे. पण मालिकेचा साचा तो साचाच. एक वाक्य बोलले की तीन वेळा वाजणारे पार्श्वसंगीत, प्रत्येकाच्या डोळ्यांवर जाणारा कॅमेरा, अन् प्रसंगापेक्षा आसवे जास्त. ज्या पुरुषाने आयुष्यभर चमत्काराला विरोध केला, त्याच्या प्रवेशाला दैवी घंटानाद कशाला? रमाईंच्या वाट्यालाही सोसणेच अधिक आले. त्या माउलीचा करारी बाणा आणखी दिसायला हवा होता.

महात्मा फुले यांच्यावर तर आचार्य अत्र्यांनी 1954 सालीच सिनेमा केला होता. 2025 साली अनंत महादेवन यांचा हिंदी 'फुले' आला, तेव्हा प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळाने काही जातींची नावे आणि 'पेशवाई' यांसारखे शब्द काढायला लावले, प्रदर्शनही दोन आठवडे पुढे गेले. पावणेदोनशे वर्षांपूर्वी जे उघड घडले, ते आज उच्चारायलाही अडचण! पडद्यावरून शब्द पुसल्याने गावातून जात पुसली जात असती, तर आम्ही स्वतः खडू-डस्टर घेऊन गेलो असतो.

पायावर पाय

2021 चा तामिळ 'जय भीम' मराठी माणसानेही घरोघर पाहिला. 1993 च्या सत्य प्रकरणावर आधारलेला. पुढे मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झालेले के. चंद्रू यांनी तो खटला वकील म्हणून लढवला होता. इरुळर आदिवासींतली गरोदर सेंगेणी कोठडीत नाहीशा झालेल्या नवऱ्याचा शोध घेते. वकिलाची भूमिका सूर्या करतात आणि बराचसा उजेड त्यांच्यावर पडतो, हे खरे. पण पैसे घेऊन खटला मागे घे म्हणणाऱ्या मोठ्या अधिकाऱ्याला 'नाही' म्हणते ती सेंगेणीच. पोलिसांची गाडी मुकाट्याने मागून चालली आहे आणि ती गाडीत न बसता मुलीचा हात धरून पायी पुढे चालली आहे, हे दृश्य आम्ही विसरणार नाही. शेवटी तिची चिमुरडी वकिलासमोर खुर्चीत पायावर पाय टाकून वर्तमानपत्र उघडते. आधी जरा बिचकते, मग ऐटीत वाचते. आमच्या पिढीने खुर्चीच्या कडेला बसायची सवय घालवायला किती वर्षे घेतली, ते आठवले.

'परियेरुम पेरुमाळ' हा 2018 चा तामिळ सिनेमाही जरूर पाहावा. कायदा शिकणाऱ्या मुलाची ही गोष्ट शेवटी चहाच्या दोन पेल्यांपाशी थांबते आणि त्यात सारे येते. 2025 चा 'धडक 2' याच कथेवरून हिंदीत झाला आहे. 2023 च्या 'दहाड' मालिकेतली पोलीस अधिकारी अंजली बापाने बदललेले आडनाव टाकून मूळचे मेघवाल पुन्हा लावते. 'मेड इन हेवन' ही मालिका मुलांसाठी नाही. पण तिच्या 2023 च्या भागांत नीरज घायवान यांनी दिग्दर्शित केलेला एक भाग आहे, त्यात राधिका आपटेची प्राध्यापिका पल्लवी सासरच्यांच्या कुरकुरीला न जुमानता आपले बौद्ध पद्धतीचे लग्नही करते. पांढरी साडी, समोर बाबासाहेबांचा फोटो, चेहऱ्यावर हसू. आपल्या घरात शेकडो वेळा पाहिलेले लग्न, पण पडद्यावर पाहताना ऊर भरून आला. 1936 साली गाडीखाली जाणारी कस्तुरी आणि 2023 साली आपल्या अटीवर लग्न लावणारी पल्लवी, यांच्यामध्ये सत्त्याऐंशी वर्षे आहेत.

म्हणून सांगणे एवढेच की, आठवड्यातून एक तरी सिनेमा सगळ्यांनी एकत्र पाहावा. मोबाईल बाजूला, टीव्ही एकच. संपल्यावर लगेच झोपायला जाऊ नये. मुलांना वरचे तीन प्रश्न विचारावेत आणि त्यांचे उत्तर आपल्याहून वेगळे आले तर ऐकून घ्यावे. वरची मते आमची आहेत. पाहा, तपासा आणि पटले तरच घ्या.